तुळजापुरात तुळजापूरकर नाही

माझे आडनाव तुळजापूरकर. हे आडनाव लावणाऱ्या माणसाला जन्मभर एक फुकटची प्रतिष्ठा लाभते आणि ती सांभाळता सांभाळता त्याचा जीव मेटाकुटीला येतो. नवरात्र महिन्यावर आले की माझ्याकडे माणसे वाट वाकडी करून येऊ लागतात. कचेरीतले जुने सहकारी येतात, सोसायटीचे चिटणीस येतात, एकदा तर दूधवाल्याचा मेहुणा आला होता. प्रकृतीची चौकशी होते, चहा होतो, आणि मग पाहुणा घसा खाकरून म्हणतो, "तुळजापूरला जायचं म्हणतोय. तुमची तिकडं ओळख असेलच. दर्शनाचं तेवढं बघा!"

तुळजापुरात माझी कुणाशीही ओळख नाही, माझ्या वडिलांचीही नव्हती, हे मी परोपरीने सांगतो. पाहुणा समजूतदारपणे हसतो. देवीच्या घरचा माणूस असल्या गोष्टी उघड बोलायचा नाही, असा त्याचा ग्रह होतो आणि तो जाताना माझ्या पाया पडतो.

इंग्रजी स्पेलिंगचा ताप आणखी निराळा. 'तुळजा'तला ज हा 'जावया'तला ज आहे, 'जिवा'तला नव्हे. तो नेमका उतरावा म्हणून आमच्यातले काही जण इंग्रजीत झेड घालतात, काही साधा जे घालतात. १९७७ ते १९८६ या काळात सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकर होते, ते झेडवाले. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लोकसंख्येच्या गणितावर काम केलेले श्रीपाद तुळजापूरकर, ते जेवाले. या दोघांशीही माझे काही नाते नाही, पण आडनाव दुर्मीळ असले की माणूस अशी दूरची दिवाळी आपल्या अंगणात मोजतो. जोशी, कुलकर्णी, शिंदे, जाधव यांना हे सुख ठाऊक नाही. त्यांना आपले आडनाव वर्तमानपत्रात दिसले तर दचकायला होत नाही.

असा मी माझ्या आडनावाचे ओझे आणि अभिमान दोन्ही वाहत सुखाने जगत होतो. गेल्या वर्षी त्यात एक पेच आला.

माझ्या मुलीला मुलगी झाली. ती आणि जावई इंग्लंडात, न्यूकासलच्या बाजूला असतात. बाळ यायचे होते दिवाळीत, ते कोजागरीलाच आले. "फार घाई झाली होती तिला," मुलगी फोनवर हसत हसत म्हणाली. मग म्हणाली, "बाबा, इथं बेचाळीस दिवसांच्या आत जन्माची नोंद करावी लागते. आणि बाळाला कुठलंही आडनाव लावता येतं. आईचं, बापाचं, दोघांचं. आम्ही दोघं विचार करत होतो. तुम्हांला मुलगा नाही. तुमचं आडनाव तुमच्यापाशी थांबतं. तुमची इच्छा असेल तर बाळाला तुळजापूरकर लावू."

माझा गळा दाटून आला. मी काही बोलणार तेवढ्यात ती पुढे म्हणाली, "पण एक अट आहे. त्याचा अर्थ मला लिहून पाठवा. इथं शाळेत मुलांना विचारतात, तुझ्या नावाचा अर्थ काय म्हणून. मला तो सांगता आला पाहिजे."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ही वार्ता जाहीर केली. आमच्या सौ. चकल्या पाडत होत्या. त्यांनी सोऱ्याचा दांडा फिरवणे थांबवले नाही. वेढा पुरा केला, टोक नीट चिकटवले आणि म्हणाल्या, "माझंही आडनाव थांबलं होतं की. चाळीस वर्षं झाली. त्याच्यासाठी कुणी इंग्लंडहून फोन केला नाही."

मी म्हटले, "अगं, पण ती लग्नाची रीतच आहे."

"मी कुठं काय म्हणाले?" असे म्हणून त्यांनी पुढची चकली सुरू केली.

रात्री मी कागद घेऊन बसलो. वाटले, यात अवघड ते काय? तुळजापूर हे गाव. त्याला 'कर' लावला. म्हणजे तुळजापूरचा राहणारा. दोन ओळींत उत्तर संपले. पण लिहिलेल्या ओळी पुन्हा वाचल्या आणि लक्षात आले की हे साफ खोटे आहे. मी तुळजापूरचा राहणारा नाही. माझे वडील नव्हते, आजोबा नव्हते. 'आम्ही पुणेकर' असे छाती फुगवून सांगणे निराळे आणि शिधापत्रिकेवर पुणेकर असणे निराळे. ज्यांच्या शिधापत्रिकेवर पुणेकर आहे, त्यांच्या घराण्याने पुणे केव्हाच सोडलेले असते. गावात राहणाऱ्याला गावाचे नाव देऊन उपयोग काय? तिथे तर सगळेच त्या गावचे. माणूस गाव सोडून दुसरीकडे बिऱ्हाड करतो, तेव्हा तिथले शेजारी त्याला ओळखायची खूण शोधतात आणि त्याच्या मागे त्याचे गाव चिकटवतात. आडनाव आपण घेत नाही. परके लोक ते आपल्याला देतात.

कधी मात्र माणूस ते स्वतःही घेतो. गोव्यातल्या मंगेशीचे दीनानाथ हे देवावर अभिषेक करणाऱ्या अभिषेकी घराण्यातले. ते गाणे घेऊन बाहेर पडले आणि मंगेशकर झाले. कधी शाळेचे दप्तर नाव पक्के करते. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले, भिवा रामजी आंबेडकर. घराण्याचे आडनाव सकपाळ, गाव कोकणातले आंबडवे. पटावर पडलेले ते नाव पुढे साऱ्या देशाचे झाले. 'कर'ची एक गोष्ट मला आवडते ती ही, की तो जात सांगत नाही. तो एवढेच सांगतो की हा माणूस कुठून तरी निघाला आहे.

मुलीने फोनवर एक गोष्ट सांगितली होती, तीही आठवली. तिच्या घराजवळ वॉशिंग्टन नावाचे एक जुने गाव आहे. त्या गावावरून एका घराण्याला आडनाव मिळाले, ते घराणे तिथून हलले, त्याची एक शाखा पुढे समुद्रापार गेली, आणि तिच्यातल्या एका जॉर्जमुळे अमेरिकेच्या राजधानीला ते नाव पडले. गावाचे माणसाला, माणसाचे पुन्हा गावाला! म्हणजे साहेबाच्या देशातही 'कर' असतात, फक्त त्यांना 'कर' लावायची पद्धत नाही.

आडनाव 'थांबणे' हा प्रश्नही साहेबाने सोडलेला नाही. १८७३ साली फ्रान्सिस गाल्टन या विद्वानाने एका शैक्षणिक मासिकात कोडे घातले : प्रत्येक पुरुषाला इतके इतके मुलगे होण्याचा संभव धरला, तर पिढ्या जाता जाता किती आडनावे नाहीशी होतील? वॉटसन नावाच्या एका गणिती धर्मोपदेशकाने हिशेब करून उत्तर काढले की सगळीच आडनावे शेवटी नाहीशी होणार. पुढच्या शतकात त्या हिशेबातली चूक सापडली. आणि योगायोग पाहा, लोकसंख्येच्या चढउताराच्या असल्याच गणितात आमच्या जेवाल्या तुळजापूरकरांनी नाव काढले!

हे मी मोठ्या उत्साहाने सौ.ना वाचून दाखवले. त्यांनी विचारले, "म्हणजे फक्त मुलगे मोजले? मुली मोजल्याच नाहीत?"

"आडनावाचा प्रश्न होता ना, म्हणून."

"मग हिशेब चुकणारच," त्या म्हणाल्या आणि दिवा मालवून झोपल्या.

गणितातली चूक निराळी होती; पण मी वाद घातला नाही.

दोन दिवस कागद तसाच पडून राहिला. शेवटी मी ठरवले की जन्मात एकदा तरी आपल्या आडनावाच्या गावी जाऊन यायचे. सौ.नी फराळाचे डबे भरून झाकणे लावली आणि त्याही निघाल्या. आश्विन अमावास्येच्या आदल्या दिवशी आम्ही एस. टी. पकडली. ऐन दिवाळीत घर बंद करून निघालेले म्हातारे जोडपे पाहून शेजाऱ्यांना काय वाटले असेल, देव जाणे. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आम्ही चार वाजताच उरकले होते. सौ.च्या केसांना अजून उटण्याचा वास येत होता.

भिगवण मागे पडले आणि डाव्या हाताला उजनीचे पाणी दिसू लागले. पावसाळा चांगला झाला होता. धरण काठोकाठ भरले होते. सौ. खिडकीशी बसल्या होत्या. पळसदेव आले तशी त्यांनी काचेला बोट लावले आणि पाण्याकडे दाखवून म्हणाल्या, "ते बघा माझं आडनाव."

त्या माहेरच्या पळसदेवकर. त्यांच्या आजोबा-पणजोबांनी कधी काळी गाव सोडले, म्हणून ते पळसदेवकर झाले. पुढे भीमेवर उजनीचे धरण झाले, १९८० साली ते पुरे झाले आणि जुने पळसदेव पाण्याखाली गेले. गाव वर सरकून नव्याने वसले. जुने पळसनाथाचे देऊळ आत राहिले. दुष्काळी उन्हाळ्यात पाणी फार ओसरले की ते दगडी देऊळ वर येते आणि माणसे ते पाहायला जातात. चांगला पाऊस झाला की पुन्हा बुडते.

"सगळ्यांनी चांगला पाऊस मागायचा," त्या म्हणाल्या, "आणि आम्ही पळसदेवकरांनी दुष्काळ मागायचा, असं झालंय."

त्यांचा एकुलता भाऊ लग्नावाचून गेला. त्या घरातले ते आडनाव त्याच्याबरोबर संपले. हे मला चाळीस वर्षे ठाऊक होते. पण ठाऊक असणे आणि मनात येणे यांत अंतर असते. मी काही बोललो नाही. चकलीचा डबा उघडून त्यांच्यापुढे केला.

सोलापुराहून तुळजापूर पंचेचाळीस किलोमीटर. बालाघाटाच्या डोंगरात गाडी चढू लागते. इतर देवांच्या पायऱ्या चढाव्या लागतात. इथे गाव वर आणि देवी खाली. पायऱ्या उतरत उतरत जायचे. वाटेत कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ. आईच्या भेटीला जाताना माणसाने थोडे वाकून, उतरूनच जावे, अशी कुणाची कल्पना असावी.

दुसऱ्या दिवशी दर्शन झाले. रांगेत अडीच तास उभे होतो. तुळजापूरकर असल्याचा काडीचा उपयोग झाला नाही, हे पुण्यातल्या माझ्या पाहुण्यांच्या माहितीसाठी येथे नमूद करून ठेवतो.

खरा शोध पुढेच होता. इथल्या पुजाऱ्यांच्या घरी वह्या असतात. कुठल्या गावचे कुठले घराणे केव्हा दर्शनाला आले, कोण कोण बरोबर होते, याच्या नोंदी पिढ्यान् पिढ्या ठेवलेल्या. तीन दारे फिरून आम्ही चौथ्या दारी पोहोचलो. ओसरीवर एक वयोवृद्ध पुजारी बसले होते. कपाळावर हळदीकुंकवाचा मळवट, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा.

"कुठून आलाव?"

"पुण्याहून."

"आडनाव?"

"तुळजापूरकर."

म्हातारबुवांनी चष्मा कपाळावर सारला आणि तोंडभर हसले. "आडनाव इचारलं, मालक. गाव न्हाई."

"तेच आडनाव आहे."

"तसल्या आडनावाचं हितं कुनी घावायचं न्हाई बघा. हितं आमी समदेच तुळजापूरचे. मग तुळजापूरकर म्हनायचं कुनाला?"

पाहा, पुण्यात बसून कागदावर जे मी मोठ्या कष्टाने शोधून काढले होते, ते या माणसाने बसल्या बैठकीला एका वाक्यात सांगितले.

मी विचारले, मग इथली आडनावे कशी? म्हणाले, देवीच्या गावात नाव सेवेवरून पडते. देवीचे भोपे म्हणजे पुजारी. देवीची पाळी सांभाळतात ते पाळीकर. नगरजवळच्या बुऱ्हाणनगरच्या जानकोजी देवकरांच्या भक्तीची कथा त्यांनी सांगितली. त्या घराण्याकडे पालखीचा मान आला आणि देवकरांचे भगत झाले. देवीचा पलंग घोडेगावात घडतो, आणि तो वाजतगाजत घेऊन येण्याचा मान ज्या घराण्याचा, त्याचे आडनावच पलंगे! दसऱ्याला पहाटे देवी त्या पालखीतून सीमोल्लंघन करते, मग पलंगावर निजते ती कोजागरीला उठते. नऊ दिवस महिषासुराशी लढून आईला शीण येतो, म्हणून ही श्रमनिद्रा.

"आमची नात कोजागरीलाच झाली," सौ. मध्येच म्हणाल्या.

"व्हय? मंग आई उठली अन् ती आली," म्हातारबुवा सहज बोलून गेले. सौ.नी लगेच ते गाठीला बांधले, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसले.

"अन् तुळजा कशी, म्हाईत हाय का?" त्यांनी विचारले. कर्दम ऋषींच्या मागे त्यांची पत्नी अनुभूती तप करीत होती. कुकुर नावाच्या दैत्याने तिला गाठले. तिने धावा केला आणि देवी त्वरेने धावून आली. त्वरेने आली म्हणून त्वरिता. त्वरिताची तुरजा, तुरजाची तुळजा. "अन् गावाचं नाव तरी आदी तुळजापूर कुटं हुतं? चिचंची झाडं लई, म्हनून चिंचपूर म्हनायचे."

म्हणजे आणखी थोडे आधी निघालो असतो, तर आम्ही चिंचपूरकर झालो असतो आणि दर्शनाच्या चिठ्ठीसाठी माझ्या दारी कुणीही आले नसते. नावे अशी वाऱ्यावर असतात. जिल्ह्याचेच पाहा. धाराशिवाचे निजामाच्या राज्यात उस्मानाबाद झाले आणि २०२३ साली पुन्हा धाराशिव झाले. डोंगर मात्र होता तिथेच आहे.

आता वह्या निघाल्या. लाल फडक्यात बांधलेल्या, कडा कुरतडलेल्या. पणजोबांचे आणि त्यांच्या वडिलांचे नाव मला ठाऊक होते. तेवढ्या धाग्यावर पाऊण तास पाने उलटली. शेवटी एका पानावर म्हातारबुवांचे बोट थांबले. मोडी लिपी. मला वाचता येईना. त्यांनी सावकाश वाचले. शके १८१५, म्हणजे इसवी सन १८९३. पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव, आणि पुढे : राहणार तुळजापूर, हल्ली मुक्काम पुणे. आडनाव नाही.

"गावात हुते तवर त्यांची नोंद कशाला व्हती?" म्हातारबुवा म्हणाले. "सोडून गेले अन् पैल्यांदा माघारी आले, तवा सई केली."

आणखी थोडी पाने उलटल्यावर आजोबांची नोंद सापडली. १९३१ साल, बाळबोध वळण, मी ओळखतो ते अक्षर. आजोबांचे नाव, पुढे 'तुळजापूरकर', आणि पुढे : राहणार पुणे. बरोबर कुटुंब व मुले दोन.

मी ती दोन पाने किती तरी वेळ आलटून पालटून पाहत होतो. पहिल्या पानावर तुळजापूर पत्त्यात होते. दुसऱ्या पानावर ते पत्त्यातून निघून नावात येऊन बसले होते. दोन नोंदींमध्ये अडतीस वर्षे. तेवढ्या काळात पणजोबांच्या तोंडचे 'माझे गाव' हे शब्द केव्हा तरी बंद पडले असतील आणि 'माझे आडनाव' हे शब्द सुरू झाले असतील. मुलीने विचारलेला अर्थ हाच होता. तुळजापूरकर म्हणजे तुळजापूरचा राहणारा नव्हे. तुळजापुरात जो आता राहत नाही तो. जे सुटले, ते नावात धरून ठेवलेला माणूस.

माझ्या खांद्यावरून सौ. ते पान वाचत होत्या. त्यांनी 'कुटुंब' या शब्दावर बोट ठेवले. "म्हणजे आजेसासूबाई ना? त्यांचं नाव काय होतं हो?"

मला ठाऊक नव्हते. खरेच नव्हते. सासरचे नाव आम्ही घरात ऐकलेले होते. माहेरचे नाव आणि आडनाव कुणालाच ठाऊक नव्हते. त्या कुठल्या गावाहून या घरात आल्या, याची नोंद ना या वहीत, ना आमच्या घरात.

"बायकांची नावं लिहीत नाहीत का वहीत?" सौ.नी विचारले.

म्हातारबुवा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "लिवत नव्हते, माय. आता लिवू की." आणि त्यांनी नवी वही उघडून पेन पुढे केले. माझ्यापुढे.

मला त्या वेळी जे सुचले ते आधीच सुचायला हवे होते. नाव सोडून, गाव सोडून, परक्या घरी जाऊन तिथल्या लोकांनी दिलेले नाव लावायचे, हाच जर 'कर'चा अर्थ, तर आमच्या घरात खरे 'कर' कोण? मी तर जन्मलो तिथेच वाढलो, आयते आडनाव लावून मिरवले. गाव सोडले ते पणजोबांनी, आणि त्यांच्यानंतर प्रत्येक पिढीत या घरात आलेल्या एकेका बाईने. पणजोबांचे निघणे आम्ही चार पिढ्या नावात जपले. त्यांची निघणी कुठेच जपली नाहीत. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर, मुलाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग बापाचे नाव लिहायचे, असे महाराष्ट्र सरकारने ठरवले आहे. सरकारला जे कळले ते मला कळायला पुजाऱ्याची ओसरी लागली.

मी पेन सौ.च्या हातात दिले.

त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. चष्मा पुसला आणि ठळक अक्षरात स्वतःचे नाव लिहिले. पुढे आईचे, वडिलांचे, पुढे 'पळसदेवकर-तुळजापूरकर'. राहणार पुणे. मग माझे नाव लिहिले, आणि 'बरोबर यजमान' असेही लिहिले. मग मुलीचे, जावयाचे. शेवटी थोड्या थांबल्या आणि लिहिले : नात एक, नाव ठेवायचे आहे.

या लेखात मी त्यांना पहिल्यापासून 'सौ.' म्हणत आलो आहे, ही विसंगती वाचकांच्या ध्यानात आलीच असेल. पण नाव छापायचे नाही, असे त्यांनीच बजावले आहे. वहीत आहे तेवढे पुरे, म्हणाल्या.

परतताना देवळामागच्या चिंतामणीपाशी गेलो. हा एक गोल दगड आहे. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न विचारायचा. दगड उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, हलला नाही तर काम लांबणीवर. शिवाजीमहाराजही मोहिमेआधी याला कौल लावत, असे सांगतात. घरून निघताना माझा प्रश्न ठरला होता. पण वही पाहिल्यावर तो विचारावासा वाटेना. आपले नाव टिकेल का, हे दगडाला विचारणाऱ्या माणसाला आजीचे नाव ठाऊक नसावे, याची मला लाज वाटली. सौ.नी मात्र हात ठेवले. दगड उजवीकडे वळला.

"काय विचारलंस?"

"परतीच्या गाडीत खिडकीची जागा मिळेल का," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी गावात भेंडोळी निघाली. तुळजापूरची दिवाळी ही अशी. आश्विन अमावास्येला काळभैरवाच्या देवळाकडून लांब दांडीला तेलात भिजवलेल्या कापडांचे पेटते लोळ बांधून तरुण मंडळी ते खांद्यावर घेतात आणि धावत देवीच्या देवळात येतात, आणि तिथून गावात. आग, धूर, संबळाचा कडकडाट आणि 'आई राजा उदो उदो'चा गजर. ठिणग्या उडत होत्या. माणसे मागे सरत होती आणि पुन्हा पुढे झेपावत होती. आम्ही दोघे एका ओट्यावर चढून उभे होतो. सौ.नी माझा हात धरला होता. गर्दीत मी हरवेन म्हणून, असे त्या नंतर म्हणाल्या.

पुण्याला आल्यावर मी मुलीला पत्र लिहिले. अर्थ लिहिला. वहीतल्या दोन नोंदी लिहिल्या, आणि तिसरी तिच्या आईची. त्वरेने धावून आलेल्या देवीची गोष्ट लिहिली, कारण आईने ती लिहायलाच लावली. आणि शेवटी लिहिले : बाळाला कुठले आडनाव लावायचे ते तुम्ही दोघांनी ठरवा. माझ्यासाठी लावू नका. मी नाव सांभाळले, पण त्याची अर्धी माणसे विसरलो. तुम्ही कुठलेही लावा, फक्त तिला सांगा की तिच्या मागे किती बायका किती गावांहून निघाल्या.

एकोणचाळिसाव्या दिवशी मुलीचा फोन आला. नोंद झाली होती. आडनाव जावयांचे लागले. मला वाईट वाटले का? थोडे वाटले. मनुष्यस्वभाव आहे. पण मुलीचे बोलणे संपले नव्हते.

"बाबा, पुढचं आणि मागचं आम्ही सोडून दिलं. 'पूर'ही नको आणि 'कर'ही नको. घाई करून आली ना ती? म्हणून नाव ठेवलंय, तुळजा."

सौ. शेजारीच उभ्या होत्या. मी फोन त्यांच्या कानाशी दिला. त्या बराच वेळ नुसत्याच ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "ज नीट म्हणायला शिकव हं तिथल्या लोकांना. जावयातला."

यंदा नवरात्र महिन्यावर आले आणि नेहमीप्रमाणे पाहुणे सुरू झाले. परवा सोसायटीचे चिटणीस आले. प्रकृतीची चौकशी झाली, चहा झाला, घसा खाकरून झाला.

"तुमची तिकडं ओळख असेलच."

"आहे," मी म्हटले. "पण माझी नव्हे. वहीत नाव हिचं आहे. मी नुसता बरोबर गेलो होतो."